शाळेच्या ताटात आपल्या शिवारातलं माळवं येऊ द्या: कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाळा व्यवस्थापन समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सदस्य आणि मुख्याध्यापक,
शाळा व्यवस्थापन समित्या, कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मृग निघाला की शाळा भरतील आणि तुमची नव्या वर्षातली पहिली बैठक होईल. गणवेश, पुस्तकं, गळकं छप्पर, घटलेला पट हे विषय तिथं निघतीलच. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे जाहीर पत्र लिहिते आहे. दुपारच्या जेवणात पोरांना जी भाजी मिळते ती आपल्याच गावच्या शिवारातली, ज्या त्या ऋतूतली असावी, असा ठराव प्रत्येक समितीनं करावा, ही माझी मागणी आहे.

मी करवीर तालुक्यातल्या माळवं पिकवणाऱ्या घरातली. पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. त्यामुळं पहाटे रानातून काय निघतं ते माझ्या डोळ्यासमोर असतं आणि दुपारी शाळेत काय शिजलं तेही घरी कळतं. जानेवारीत मेथी एवढी येते की मंडईत कुणी विचारत नाही. काढणीची मजुरीसुद्धा अंगावर पडते, म्हणून लोक उभ्या वाफ्यात म्हसरं सोडतात. त्याच आठवड्यात त्याच गावच्या शाळेत बटाटा घालून भात शिजत असतो आणि तो बटाटा कुठल्या लांबच्या जिल्ह्यातून मार्केट यार्डात, तिथून दुकानात आणि दुकानातून शाळेत आलेला असतो. हे मला बघवत नाही.

तुमच्यातले काही जण म्हणतील, शाळेच्या आहाराचं सगळं वरून ठरतं, आपल्या हातात काय आहे? आहे, आणि बरंच आहे. ही योजना देशभर १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाली. सुरुवातीची वर्षं आपल्याकडं पोरांना घरी न्यायला तांदूळ मिळायचा. २००१ साली सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्यायला हवं असा आदेश दिला, त्यानंतर शाळेत चूल पेटली. २०२१ पासून तिचं नाव प्रधानमंत्री पोषण योजना झालं. तांदूळ, डाळी, तेल हे वरून येतं, त्याला आपण हात लावू शकत नाही. पण गावातल्या शाळांमध्ये भाजीपाला आणि इंधन यांची खरेदी शाळेच्या पातळीवर होते. आणि शाळेवर देखरेख ठेवायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं जी समिती दिली, तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायलाच हव्यात. म्हणजे शिवार ओळखणारी, चूल ओळखणारी माणसंच त्या समितीत बसलेली असतात. मग भाजीचा निर्णय दुकानदारावर का सोडायचा?

किती भाजी लागते, ते एकदा मांडून बघा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी, असं योजनेचं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी. प्राथमिकची १०० पोरं असलेली शाळा धरा. रोज ५ किलो भाजी, आठवड्याला ३० किलो. आता गुंठ्याचा हिशेब करा. एका गुंठ्यात नीट साधलेली मेथी पन्नास-साठ किलो तरी देते. पेरल्यापासून पंचवीस-तीस दिवसांत ती काढणीला येते. दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी पेरत गेलं आणि शेजारी वांग्याची, दोडक्याची, घेवड्याची एखादी सरी धरली, तर शंभर पोरांची भाजी दोन-चार गुंठ्यांच्या आत बसते. एवढी जागा कुठल्या गावात नाही? आमच्याकडं तर उसाच्या सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत सरीच्या बगलेला एवढं माळवं सहज निघतं. कोथिंबीर, मेथी, लाल माठ, मुळा, कांदा. ऊस वर यायच्या आत ते काढून झालेलं असतं.

उसाचं नाव निघालंच आहे, तर थोडं सांगते. आपला जिल्हा पाण्याच्या बाबतीत भाग्यवान. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण हाती घेतलं. पुढं नदीनदीवर जे बंधारे झाले त्यांना साऱ्या महाराष्ट्रात कोल्हापूर पद्धतीचे बंधारे म्हणूनच ओळखतात. त्या पाण्यानं ऊस आला, कारखाने आले, घरं उभी राहिली. ऊस वाईट असं मी म्हणणार नाही, आमच्याही घरात त्याच पैशानं शिक्षणं झाली. पण नदीकाठची चांगली काळी रानं एकामागून एक उसाखाली गेली आणि माळवं बांधावर आलं. ते जगवलं कुणी? बायकांनी. परड्यात, विहिरीच्या दांडाला, उसाच्या सरीत टोकण करून, घरच्या कोरड्यासापुरतं आणि वर उरलं तर बुट्टीत घालून बाजाराला. कपिलतीर्थ मंडईत, लक्ष्मीपुरीत, पेठ वडगावच्या आठवडी बाजारात पोतं अंथरून बसणाऱ्या बायांच्या पुढ्यात बघा. आंबट चुका, पोकळा, तांदळी, करडई, पाथरी. असला पाला ट्रकात घालून कुणी लांबवर नेत नाही, कारण तो दुसऱ्या दिवशी माना टाकतो. शाळेनं माळवं गावातून घेतलं तर या बायांना दारात, ठरलेलं, छोटं पण खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल. ज्या दिवशी मंडईत भाव पडतो त्या दिवशीही मिळेल.

आता पोरांच्या पोटाकडं वळते. या पत्राचं खरं कारण तेच आहे.

लांबून येणाऱ्या भाजीत दोष काय, असं विचारलं तर पहिला दोष हा की ती टिकणारीच असावी लागते. म्हणून शाळेत बटाटा, कोबी, टोमॅटो, कांदा हेच फिरून फिरून येतं. पालेभाजी प्रवासालाच उभी राहत नाही आणि वाढत्या पोराला गरज असते ती तिचीच. पान खुडल्यावरही श्वास घेत असतं. त्यातलं पाणी उडतं आणि क जीवनसत्त्व सगळ्यांत आधी उतरायला लागतं. उन्हात, बंद पोत्यात ते आणखी भराभर जातं. शिजवताना आणखी थोडं जातं, हेही खरं आहे. म्हणून सकाळी खुडलेली भाजी दुपारी पोटात जाणं याला एवढी किंमत आहे. सुरुवातच जिथं भरलेली असते तिथं शिजवून उरतंही जास्त.

आपल्या देशात पाच वर्षांखालच्या दर १०० मुलांत ६७ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. तीच पोरं पुढं पहिलीत येतात. नुसता पालक खाऊन रक्त वाढतं असं मी सांगणार नाही. पालेभाजीतलं लोह अंगाला कमी लागतं. पण त्याच घासाबरोबर लिंबू, आवळा किंवा पेरू पोटात गेला तर ते बरंच जास्त लागतं. म्हणून वाढताना आमटीवर लिंबू पिळणं ही फार मोठी गोष्ट आहे. पेरूचंच घ्या. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्यात त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढं. हिवाळ्यात आपल्याकडं पेरू परसात गळून पडतात आणि आजारी पोराला बघायला जाताना आपण संत्री-मोसंबी घेऊन जातो. शाळेत मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या आणि जंताची गोळी मात्र चुकवू नका. भाजी ही त्यांच्या बदल्यात नाही, त्यांच्या जोडीला आहे.

नाचणीचंही तसंच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात कॅल्शियम असतं, तांदळात जेमतेम दहा. ही नाचणी राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, गगनबावडा, शाहूवाडी या आपल्याच तालुक्यांच्या डोंगरउतारावर पिकते, पाणी मागत नाही, खत मागत नाही. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं तेव्हा तिचं पुष्कळ कौतुक झालं. ते वर्ष सरलं. नाचणी तिथंच आहे आणि पिकवणाऱ्यांना अजून धड गिऱ्हाईक नाही. आठवड्यातून एक दिवस नाचणीची आंबील किंवा गूळ घालून सत्त्व, एवढं तरी पूरक आहार म्हणून होऊ शकतं. गूळही आपलाच. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन आहे, पण शाळेसाठी घेताना पिवळाधमक बघून भुलू नका. रंग खुलवायला औषध मारलेलं असू शकतं. ज्या गुऱ्हाळावर अजून रानभेंडीच्या चिकानं मळी काढतात तिथला काळपट गूळ घ्या.

माझ्या मागणीतला सगळ्यांत महत्त्वाचा भाग ऋतूचा आहे आणि तो जिल्ह्याला एक तक्ता छापून सुटणार नाही. आपला जिल्हा बारा तालुक्यांचा. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि शिरोळमध्ये त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जुलैत बावड्याच्या पोरांच्या ताटात जे येऊ शकतं ते शिरोळच्या पोरांच्या ताटात येणार नाही. येऊही नये. तक्ता गावानं करायचा आणि तो करायला शिकलेलं माणूस लागत नाही. गावातल्या चार म्हाताऱ्या बायकांना समितीच्या बैठकीला बोलवा आणि महिन्यागणिक विचारत जा.

माझ्या माहितीतलं थोडं सांगते. जूनमध्ये शाळा सुरू होते तेव्हा रानं नुकतीच ओली झालेली असतात, वाफ्यात काही नसतं. हा खरा अवघड महिना. तेव्हा शेवग्याचा पाला उपयोगी पडतो. तो जवळजवळ बारमाही असतो आणि पेंढ्या बांधून विकत घ्यावा लागत नाही. जांभळं तेव्हाच पिकतात. राधानगरीच्या बाजूला तर झाडाखाली सडा पडतो. आषाढात पश्चिमेकडच्या गावांतून कुर्डू, टाकळा, भारंगी, अळू निघतं. कृषी खातं पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतं, तिथं शहरातले लोक हौसेनं गर्दी करतात. डोंगरातल्या शाळांच्या तर त्या दारातच उगवतात. मात्र शाळेत रानभाजी करायची तर गावातली जाणती माणसं वर्षानुवर्षं खात आली आहेत तीच करा, कोवळी असतानाच करा आणि अळू चिंच घालून नीट शिजवा, नाहीतर पोरांच्या घशाला खाज सुटेल. श्रावणापासून वेल बोलायला लागतात. दोडका, कारलं, काकडी, पडवळ, दुधी, शिवाय घेवडा, गवार, भेंडी. दसऱ्याच्या आगेमागे भुईमूग निघतो, चंदगडकडं रताळी निघतात. उकडलेल्या ओल्या शेंगा पोरांना वाटल्या तर सांगावं लागत नाही, टरफलंच सांगतात.

मग सुगी. कार्तिक ते माघ या दिवसांत आपल्या शिवाराएवढं श्रीमंत काही नाही. मेथी, चाकवत, कांद्याची पात, मुळा, गाजर, कृष्णाकाठची वांगी, वरणा, पावटा. हरभऱ्याचा कोवळा शेंडा खुडला की झाडाला फुटवे जास्त येतात. म्हणजे भाजीही मिळते आणि पीकही वाढतं. खुडलेला पाला सावलीत वाळवून डब्यात भरला की उन्हाळ्यात कोरड्यास होतं. आपले जुने लोक भोगीच्या दिवशी तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगं, पावटा, गाजर, हरभरा घालून मिसळीची भाजी का करायचे, ते त्या दिवशी रानात उभं राहिलं की कळतं. जे जे रानात असतं ते सगळं त्या भाजीत असतं. शाळांनी भोगी शाळेत करावी. एका दिवसाचा तांदूळ बाजूला ठेवून प्रत्येक घरातून दोन भाकरी मागवल्या तरी होतं.

मार्च-एप्रिलला पुन्हा ओढ. तेव्हा शेवग्याच्या शेंगा, कैरी, पिकून ठेवलेला तांबडा भोपळा, मटकी, हुलगा, चवळी यांवर काढायचं. भोपळा आढ्याला टांगला की महिनोन्‌महिने राहतो. बाहेरून टिकाऊ भाजी आणण्याऐवजी आपली टिकाऊ भाजी आपण साठवावी.

ऋतू सोडून भाजी खाण्याचा आणखी एक तोटा मी पिकवणारी म्हणून सांगू शकते. भर पावसात टोमॅटो किंवा फ्लॉवर धरायचा म्हणजे पाठीवरचा पंप उतरत नाही. करपा येतो, अळी येते, पाऊस औषध धुऊन नेतो, पुन्हा फवारा. हिवाळ्यात त्याच पिकाला त्यातलं निम्मंसुद्धा लागत नाही. गावातलं म्हणजे बिनफवारणीचं असं समजू नका. आमच्याही रानात औषध मारलं जातं. फरक एवढाच की गावातल्या माणसाला तोंडावर विचारता येतं: शेवटचा फवारा कधी मारला? कुठल्या औषधाचा? डब्यावर लिहिलेले दिवस भरल्यावरच काढणी केली का? मंडईतून आणलेल्या पोत्याला हे विचारता येत नाही. समितीनं ज्यांच्याकडून माळवं घ्यायचं त्यांच्याशी हे आधीच बोलून ठेवावं, आणि ज्या घरची पोरं त्याच शाळेत जेवतात त्यांना पहिला मान द्यावा.

आता अडचणींचं बोलू, कारण त्या खऱ्या आहेत आणि त्या न सोडवता ठराव केला तर तो वहीतच राहील.

पहिली अडचण स्वयंपाक करणाऱ्या मावशींची. शंभर पोरांसाठी एक किंवा दोन बायका. पाच किलो बटाटे सोलणं वेगळं आणि पाच किलो मेथी निवडणं वेगळं. त्यांना मानधन थोडं आणि तेही कधी वेळेवर कधी उशिरा. त्यांच्या कामात भर घालणारा कुठलाही ठराव त्यांना विचारल्याशिवाय करू नये. पालेभाजी आठवड्यातून दोनच दिवस धरा आणि त्या दिवशी निवडायला पालकांची पाळी लावा. निवडायला सोप्या भाज्या घ्या. लाल माठ, चवळी, शेवगा यांचा वेळ मेथीच्या निम्मा. माळवं देणाऱ्या बाईकडूनच मुळं छाटून, माती झाडून घ्या आणि त्याचे दोन पैसे जास्त द्या.

दुसरी अडचण सगळे सांगतात: पोरं पालेभाजी खात नाहीत. याला एक उत्तर मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या भागातल्या एका शाळेतल्या मावशी लाल माठ देठांसकट अगदी बारीक चिरतात. मोठ्या पातेल्यात तेल तापलं की आधी ठेचलेला लसूण घालतात, तो तांबूस होईपर्यंत दम धरतात, मग माठ टाकतात आणि झाकण न लावता परततात. पाणी सुटलं की त्यातच तांदूळ आणि मूगडाळ जाते, वरून शेंगदाण्याचं जाडसर कूट. भात गुलाबी होतो. पहिलीची पोरं त्याला गुलाबी भात म्हणतात आणि दुसऱ्यांदा मागून घेतात. तो माठ आहे हे त्यांना ठाऊक असतं, कारण कुंपणाच्या कडेला त्यांनीच पेरलेला असतो. शेपूचं, चुक्याचंही असंच. शेपू मूगडाळीत जिरला की त्याचा उग्रपणा मावळतो, चुक्याला चिमूटभर गूळ लागतो. आपण कोल्हापूरचे, आपल्याला फोडणी कुणी शिकवायला नको. पोरांसाठी फक्त तिखटाचा हात आखडता ठेवा.

तिसरी अडचण मुख्याध्यापकांची, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. हिशेबाला पावती लागते. दुकानदार पावती देतो, बुट्टी घेऊन आलेली बाई देत नाही. तपासणीत आक्षेप निघाला तर गुरुजींच्या माथी. म्हणून ते दुकानातून आणतात, यात त्यांना दोष देता येणार नाही. यावर वाट अशी निघू शकते: गावातल्या एखाद्या महिला बचत गटामार्फत माळवं घ्यायचं, गटानं छापील पावती द्यायची, वजनाची नोंद वहीत रोज करायची आणि समितीच्या ठरावात दर कसा ठरणार ते लिहून ठेवायचं. मंडईतल्या त्या आठवड्याच्या भावाला धरून दर ठेवला तर दोन्हीकडं अन्याय होत नाही. गुरुजींच्या मागं समिती उभी आहे हे ठरावात स्पष्ट दिसू द्या.

शहरातल्या समित्यांची गोष्ट निराळी. तिथं पुष्कळ शाळांना एका मोठ्या स्वयंपाकघरातून अन्न येतं, भाजी निवडणं त्यांच्या हातात नसतं. त्यांनी निदान विचारावं. आज भाजी कुठली होती, कुठून आली, हे फळ्यावर लिहायला लावावं. आणि शाळेच्या अंगणात दहा जुन्या बादल्यांतून का होईना, अंबाडी-माठ लावावा.

पुराचा मुद्दाही मला सोडता येणार नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही वेळा शिरोलीजवळ पाणी आलं, पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला आणि बाहेरचा भाजीपाला येईना. गावातलं माळवं तरी होतं का? नदीकाठची रानं तर आधी बुडाली. तेव्हा गावचं माळवं हा सगळ्यावरचा उतारा आहे, असा माझा दावा नाही. पण माळावरच्या, उंचावरच्या वस्त्यांत शेवगा उभा होता, फडताळात कडधान्य होतं, वाळवलेला हरभऱ्याचा पाला होता. ज्या शाळेनं हिवाळ्यात पाच किलो पाला वाळवून ठेवला आणि भोपळे राखले, तिच्या मावशींना पावसाळ्यातल्या अशा आठवड्यात काहीतरी हाताशी असतं. पूरपट्ट्यातल्या गावांनी तर माळावरच्या शेजारच्या गावाशी आत्ताच बोलून ठेवावं.

हिवाळ्याचं बोलताना ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांची पोरं डोळ्यासमोर येतात. आपल्या शिवारात माळव्याची रास असते त्याच महिन्यांत ती पालात, थंडीत असतात. त्यांना शाळेत बसवा, त्यांचं ताट धरा. त्यांच्या आयांना भाजी निवडायला बोलावलंत तर त्याही येतील, पण त्यांच्याकडून मजुरी बुडवून काम घेऊ नका.

१९१७ साली या कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं. पोर शाळेत आणायची जबाबदारी त्या काळी राजानं अंगावर घेतली. आता शाळेत आलेल्या पोराच्या ताटात काय पडतं, ती जबाबदारी कायद्यानं तुमच्या-आमच्यावर आहे.

बैठकीत इतकं तरी व्हावं. जुलै ते दिवाळीपर्यंत कुठल्या महिन्यात कुठलं माळवं, याचा गावचा तक्ता भिंतीवर लागावा. दोन-तीन घरांशी किंवा एका बचत गटाशी बोलणी होऊन पहिल्या पावसावर त्यांनी शाळेसाठी म्हणून पेरावं. लाल माठ आणि चवळी वाफसा येताच टाकली तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात काढणीला येते. आणि शाळेच्या कुंपणाला शेवगा लागावा. त्यासाठी मनगटाएवढी जाड, कमरेएवढी लांब फांदी घ्या, दोन दिवस सावलीत ठेवा आणि पाणी साचणार नाही अशा जागी हातभर खोल पुरा. आमच्या बांधावरच्या शेवग्यांची छाटणी या पंधरवड्यात आहे आणि आमच्यासारख्या पुष्कळ घरी ती याच दिवसांत होते. फांद्या एरवी जळणात जातात. आपापल्या गावात मागितल्या तर कुणी नाही म्हणणार नाही.

आपली,
करवीर तालुक्यातली एक पालक